राक्षसभुवनापासून पुरंदरापर्यंत : राजसत्तेचा दुरुपयोग व कारभाऱ्यांचें कर्तव्य

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, गोदावरीच्या दक्षिण तीरीं, गेवराई तालुक्यांत राक्षसभुवन हें गांव आहे. शनीचें क्षेत्र म्हणून तें यात्रेकरूंस माहीत आहे, आणि ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं पेशवे व निजामअली यांच्यामध्यें तेथें जी लढाई झाली तिच्यामुळें इतिहासाच्या अभ्यासकांसहि तें परिचित आहे. लढाईचें वर्णन आजवर पुष्कळांनीं केलें आहे. नदीस पूर आलेला, निजाम बहुतेक फौजेनिशीं पलीकडे उतरलेला, दिवाण विठ्ठल सुंदर मागल्या फौजेसह अलीकडे सांपडलेला, आणि पेशव्यांनीं त्याला तेथेंच गांठलेला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु पेशव्यांचे स्वतःचे मातबर सरदार त्या वर्षीं निजामाच्या छावणींत कां गेले, हा प्रश्न त्या मानानें थोड्यांनीं विचारला. त्याचें उत्तर रणभूमीवर सांपडत नाहीं. तें दप्तरांत शोधावें लागतें.

राज्याचा मुख्य अधिकारीच आपल्या अधिकाराचा दुरुपयोग करूं लागला तर त्याच्या हाताखालील सेवकांनीं निष्ठा कोणापाशीं ठेवावी, त्या व्यक्तीपाशीं कीं ज्या राज्यव्यवस्थेनें तिला अधिकार दिला त्या व्यवस्थेपाशीं? मराठ्यांच्या इतिहासांत हा प्रश्न दहा वर्षांच्या अंतरानें दोनदां उभा राहिला, आणि दोन्ही वेळां तो उपस्थित करणारा पुरुष एकच होता : रघुनाथराव दादासाहेब. दोन्ही वेळचीं उत्तरें मात्र निराळीं आलीं. तीं कशीं आलीं व त्यांचा परिणाम काय झाला, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) लेखी घटना नव्हती, मग काय होतें?

मराठ्यांच्या राज्यास आजच्या अर्थानें लेखी घटना नव्हती. म्हणून सर्व कारभार धन्याच्या लहरीवर चाले, असें अनुमान पुष्कळ वेळां काढण्यांत येतें. तें बरोबर नाहीं. १६७४ सालच्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांचीं कामें वांटून देणारी जी कानुजाबता नकलांवरून आपणांस ठाऊक आहे, तींत राजपत्रांवर कोणीं शिक्का करावा, पत्रांतील अधिकउणा मजकूर कोणीं शोधावा, न्याय व अन्याय यांची पाहणी कोणीं करावी, हें वेगवेगळ्या प्रधानांस नेमून दिलेलें आहे. एकच कागद अनेक हातांतून गेल्याशिवाय पुरा होऊं नये, हें या वांटणीतील मर्म होय.

पुढें १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र तयार झालें. त्यांत प्रधानाचें कर्तव्य सांगतांना, राजमदांतून उत्पन्न होणाऱ्या अन्यायास आवर घालणें हें त्याचें काम मानलेलें आहे, आणि राजा हा हत्ती मानला तर प्रधान हा अंकुश, अशा आशयाचें रूपक योजिलें आहे. हा ग्रंथ राजाज्ञेच्या स्वरूपांत लिहिलेला आहे, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आपणांस आवरणारा कोणी असावा ही गोष्ट येथें राजाच्याच मुखानें मान्य केलेली आहे.

हें केवळ ग्रंथांतील तत्त्व नव्हतें. पेशवाईंत मामलेदाराच्या कचेरींत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस इत्यादि दरकदार असत. त्यांच्या नेमणुका हुजुरांतून होत, मामलेदारास त्यांना काढतां येत नसे, आणि ज्या कागदावर ज्याचें चिन्ह व्हावयाचें तें झाल्याशिवाय तो कागद पुरा समजला जात नसे. मामलेदारानें लबाडी केल्यास ती हुजुरास कळविणें हेंहि त्यांचें काम होतें. संग्राहकांच्या हातीं येणाऱ्या मोडी पत्रांच्या कडेला 'बार' किंवा 'रुजू' अशीं जीं लहानशीं अक्षरें दिसतात, शेवटीं 'लेखनसीमा' अशी जी मोर्तब असते, तीं या व्यवस्थेचीं खूण होत. ज्यास तीं नुसतीं कारकुनी चिन्हें वाटतात त्यानें एवढें ध्यानीं धरावें कीं, त्या प्रत्येक अक्षरामागें एक मनुष्य होता, आणि त्या मनुष्याला आपला हात आंखडतां येत होता.

सर्वांत वर पेशव्यांचा शिक्का. त्यावर प्रथम छत्रपतींचें नांव, पुढें 'नरपति हर्षनिधान' हीं पदें, आणि मग पेशव्यांचें नांव 'प्रधान' या पदासह येतें. म्हणजे पेशवा कितीहि बलवान झाला तरी शिक्क्याच्या भाषेंत तो सेवकच होता. सारांश, घटना होती; ती वहिवाटींत, शिक्क्यांत व दप्तराच्या रीतींत होती.

(२) पहिली कसोटी : १७६२–६३

पानिपतानंतर १७६१ सालीं माधवराव पेशवे झाले तेव्हां ते सोळा वर्षांचे होते. चुलते रघुनाथराव यांचा कारभार व पुतण्याची वाढती स्वतंत्र बुद्धि यांचें जमलें नाहीं. १७६२ सालीं दादासाहेबांनीं निजामाचें साह्य घेऊन पुतण्यावर शस्त्र धरलें. घरचें भांडण राज्य बुडवील हें ओळखून माधवराव ता. १२ नोव्हेंबर १७६२ रोजीं आळेगांवीं चुलत्याच्या स्वाधीन झाले. तेथून सर्व सत्ता दादासाहेबांच्या हातीं आली.

त्या सत्तेचा उपयोग त्यांनीं कसा केला? ज्यांनीं माधवरावांची बाजू घेतली होती त्यांचा सूड घेण्याकडे. प्रतिनिधिपद भवानरावांकडून काढून स्वतःच्या अल्पवयी मुलाच्या नांवें केलें व नारो शंकर यास मुतालिक नेमिलें. गोपाळराव पटवर्धनांच्या मिरजेवर चालून जाऊन ती घेतली. सखारामबापू बोकील यांस मोठी जहागीर मिळाली, आणि पुरंदर किल्ला आबा पुरंदऱ्यांकडे गेला. हीं पदें व हे किल्ले कोणाची खासगी मिळकत नव्हती. तीं राज्याचीं अंगें होतीं. तरीहि प्रत्येक फेरबदलास लागणारा कागद लिहिला गेला, त्यावर शिक्का झाला, आणि तो अमलांत आला. सखारामबापूंसारख्या अनुभवी मुत्सद्द्यानें हात आंखडला नाहीं, कारण त्या उलाढालींत त्यांचा स्वतःचा लाभ होता.

दुखावलेल्यांनीं दुसरा मार्ग धरला. भवानराव प्रतिनिधि, गोपाळराव पटवर्धन ही मंडळी निजामाकडे गेली; नागपूरचे जानोजी भोसलेहि त्याला मिळाले. असंतुष्टांस फोडण्याचें काम विठ्ठल सुंदर यानें मोठ्या हुषारीनें केलें. परिणाम असा झाला कीं, १७६३ च्या उन्हाळ्यांत निजामाची फौज पुण्यांत शिरली आणि शहर लुटलें व जाळलें गेलें. अन्याय झाला होता हें खरें; परंतु अन्यायाचा प्रतिकार परक्याच्या छावणींत जाऊन केल्यानें त्याचें प्रायश्चित्त पुण्याच्या रयतेनें भोगलें. वासुदेवशास्त्री खरे यांनीं 'ऐतिहासिक लेखसंग्रहां'त पटवर्धनांच्या दप्तरांतील जीं पत्रें छापलीं आहेत, तीं या काळाकडे दुखावलेल्या पक्षाच्या बाजूनें पाहण्याचें उत्तम साधन होत.

राक्षसभुवनची लढाई ही या सर्व प्रकरणाची अखेर होय. लढाईपूर्वीं जानोजीस मुलूख देऊं करून निजामापासून फोडण्यांत आलें. प्रत्यक्ष युद्धांत दादासाहेब शत्रूच्या गराड्यांत सांपडले असतां माधवराव मदतीस धावले आणि विठ्ठल सुंदर रणांत पडला. सप्टेंबरांत औरंगाबादेस तह झाला. पण त्या विजयाहून अधिक महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली. माधवरावांनीं मिरज पटवर्धनांस परत दिली व भवानरावांचें प्रतिनिधिपदहि परत केलें. मनास येईल त्याचें पद काढावें व मनास येईल त्यास द्यावें, हा आळेगांवानंतरचा नियम त्यांनीं मोडून टाकला. गोदेच्या कांठीं तरुण पेशव्यानें शत्रु जिंकला. घरीं येऊन त्यानें वहिवाट पुन्हां बसविली.

(३) दुसरी कसोटी : १७७३

माधवराव १७७२ सालीं वारले. धाकटे बंधु नारायणराव पेशवे झाले, आणि भाद्रपद शुद्ध १३ शके १६९५, म्हणजे ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, शनिवारवाड्यांत गारद्यांनीं त्यांचा खून केला. दादासाहेब त्या वेळीं वाड्यांतच कैदेंत होते. त्यानंतर त्यांनीं साताऱ्याहून पेशवाईचीं वस्त्रें आणविलीं.

येथें कायद्याच्या दृष्टीनें मोठा पेंच उत्पन्न झाला. बाह्य विधि सर्व पुरा झाला होता. वस्त्रें छत्रपतींकडून आलीं होतीं, शिक्का हातीं होता, दुसरा कोणी वारस पुढें नव्हता. ज्यास खुनाचा शोध करावयाचा तोच खुनामागें असल्याचा संशय, आणि त्याच्यावर वरिष्ठ असें न्यायासन कोठेंच नव्हतें.

अशा वेळीं न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी केली. शास्त्रीबोवा मूळचे साताऱ्याजवळील माहुलीचे. १७५९ पासून न्यायाधीशपदावर होते. चौकशीअंतीं त्यांनीं दादासाहेबांस दोषी ठरविलें, या पापास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरें प्रायश्चित्त नाहीं असें त्यांस तोंडावर सांगितलें, आणि पद सोडून ते वाईजवळील एका खेड्यांत जाऊन राहिले. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत ही हकीकत आहे, आणि 'धरावें' याचें 'मारावें' केल्याची प्रसिद्ध कथाहि त्यानें दिली आहे. तो फिरविलेला मूळ कागद संशोधकांपुढें आलेला नाहीं, हें संग्राहकांनीं विसरूं नये; बाजारांत तसा कागद कोणी दाखवूं लागला तर त्याची परीक्षा दुप्पट काळजीनें करावी. शास्त्रीबोवांच्या कृतीचें महत्त्व त्या एका अक्षरावर अवलंबून नाहीं.

त्यांनीं काय केलें व काय केलें नाहीं, हें नीट पाहिलें पाहिजे. त्यांच्या हातीं फौज नव्हती, आणि पेशव्यास धरण्याचा हुकूमहि त्यांना देतां येत नव्हता. म्हणून त्यांनीं दंड न सांगतां प्रायश्चित्त सांगितलें. दंड देणारा राजसत्तेचा प्रतिनिधि असतो, प्रायश्चित्त सांगणारा शास्त्राचा. आणि शास्त्र हें पेशव्यावरहि बंधनकारक आहे ही गोष्ट त्या काळीं कोणी नाकारूं शकत नव्हतें. आपल्या पदाच्या कक्षेंत जेवढें होतें तेवढें त्यांनीं स्पष्ट बोलून केलें, आणि जें करणें भाग पडलें असतें त्यास नकार देऊन ते निघून गेले. ते निजामाकडे गेले नाहींत, इंग्रजांकडेहि गेले नाहींत. १७६३ सालीं ज्या फरकामुळें पुणें जळालें तो फरक हाच.

(४) हात आंखडले

एका न्यायाधीशाच्या नकारानें राज्य वांचलें नसतें. तें वांचलें याचें कारण, त्या नकाराचें अनुकरण दप्तरांत झालें. दादासाहेब निजामावर स्वारीस निघाले असतां सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्र्यंबकरावमामा पेठे इत्यादि कारभारी एकेक निमित्त काढून छावणींतून परतले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना १७७४ च्या जानेवारींत पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित नेण्यांत आलें व त्यांच्या नांवें कारभार सुरू झाला. हेंच बारभाईंचें कारस्थान.

'कारस्थान' हा शब्द आज आपणांस वाईट वाटतो. परंतु त्यांतील युक्ति पाहण्यासारखी आहे. दादासाहेबांजवळ वस्त्रें होतीं, शौर्य होतें, फौज होती. दप्तर, खजिना व किल्ले यांचा कारभार ज्यांच्या हातांतून चाले तीं माणसें मात्र गेलीं. फौजेस पैका पोंचेनासा झाला. पेशवा या शब्दानें आपण ज्या सत्तेचा बोध करून घेतों ती सत्ता बहुतांशीं कारकुनांच्या लेखण्यांची बनलेली होती, हें त्या हिंवाळ्यांत उघडकीस आलें.

ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि सुमारें चाळीस दिवसांच्या बालकास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. निष्ठा व्यक्तीस नसून पदास आहे, हें याहून स्पष्ट कसें सांगतां येईल? जें मूल बोलूं शकत नाहीं त्याच्या नांवानें अनुभवी पुरुषांनीं राज्य चालविलें. रामशास्त्रीहि परत येऊन न्यायाधीशपदीं बसले व १७८९ सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिले.

(५) या उत्तराच्या मर्यादा

येथवर जें लिहिलें त्यावरून बारभाई हे निर्मळ पुरुष होते असा समज होऊं नये. केवळ लेखणीनें काम भागलें नाहीं. त्र्यंबकरावमामा १७७४ च्या मार्चांत पंढरपुराजवळ कासेगांवच्या लढाईंत जखमी होऊन प्राणास मुकले. दादासाहेबांनीं १७७५ सालीं सुरतेस इंग्रजांशीं तह करून साष्टी व वसई देऊं केली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत युद्ध चाललें. बारभाईंत फूट पडली. मोरोबा फडणीस विरुद्ध गेले. सखारामबापूंवरहि संशय येऊन त्यांस कैद झाली व १७८१ सालीं ते त्याच अवस्थेंत वारले. सत्ता एकट्या नानांकडे राहिली. आणि ज्या छत्रपतींच्या नांवाच्या शिक्क्याखालीं हें सर्व चाललें ते स्वतः साताऱ्यास जवळजवळ नजरकैदेंत होते. हत्तीस अंकुश झालेला प्रधान स्वतः हत्ती झाला, आणि त्यास अंकुश उरला नाहीं.

१७९१ सालीं पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या कोठडींत अनेक ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हां क्षुब्ध जमावानें त्याला दगडांनीं ठेचून मारलें. आवर घालणारी नियमित व्यवस्था वेळेवर चालली नाहीं म्हणजे तिची जागा दंगल घेते. आणि १७९५ सालीं सवाई माधवराव निपुत्रिक वारल्यावर अखेर पेशवाई दादासाहेबांच्याच पुत्राकडे, दुसऱ्या बाजीरावाकडे गेली. १७७४ चा विजय वीस-बावीस वर्षेंच टिकला, कारण तो माणसांच्या शीलावर उभा होता. पुढच्या माणसांस बांधून टाकील असा लेखी नियम त्यांतून निघाला नाहीं.

(६) तुलना

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाहीं. योगायोग असा कीं, १७७३ नंतर बरोबर दोनशें वर्षांनीं, ता. २० ऑक्टोबर १९७३ रोजीं, अमेरिकेंत अध्यक्ष निक्सन यांनीं आपल्याच कारभाराची चौकशी करणारे खास अभियोक्ते आर्चिबाल्ड कॉक्स यांस काढून टाकण्याचा हुकूम दिला. मुख्य कायदा-अधिकारी इलियट रिचर्डसन यांनीं तो पाळण्याऐवजीं राजीनामा दिला. त्यांच्या खालचे विल्यम रकल्सहाउस यांनींहि नकार देऊन पद सोडलें. तिसरे अधिकारी रॉबर्ट बोर्क यांनीं मात्र तो हुकूम बजावला. तरीहि चौकशी थांबली नाहीं, आणि निक्सन यांना ऑगस्ट १९७४ मध्यें पद सोडावें लागलें. तेथें लेखी घटना, न्यायालय व विधिमंडळ हीं तिन्ही होतीं. पण पहिला अडथळा दोन सेवकांच्या नकारानेंच उत्पन्न झाला. हुकूम बजावणारा एक हात शेवटीं मिळतोच, हेंहि त्याच प्रसंगीं दिसलें. म्हणूनच एका कागदास अनेक हात लागावेत हा जुना नियम शहाणपणाचा होय.

बीड जिल्ह्यास तर ही गोष्ट अधिक जवळची आहे. राक्षसभुवनानंतरहि हा प्रदेश शेवटीं निजामाच्याच राज्यांत राहिला. १९४८ सालीं रझाकारांचा धुमाकूळ चालू असतां मीर लायकअली यांच्या मंत्रिमंडळांतील जे. व्ही. जोशी यांनीं मराठवाड्यांतील अत्याचारांचा निषेध करून राजीनामा दिला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत तें राज्य संपलें. ता. २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानानें निजामानें भारताची घटना मान्य केली, आणि ता. २६ जानेवारी १९५० पासून ती बीडास लागू झाली. त्या घटनेनें राष्ट्रपतीसहि घटनेचें रक्षण करण्याची शपथ घातली आहे, आणि घटनाभंग केल्यास त्याच्यावर महाभियोग चालविण्याची तरतूद ६१ व्या अनुच्छेदांत केली आहे. मंत्री व न्यायाधीश यांची शपथ कोणा व्यक्तीच्या नांवें नसून घटनेवरील निष्ठेची आहे. रामशास्त्र्यांस जें शास्त्राच्या आधारानें सांगावें लागलें, तें सांगण्यास आज लेखी आधार आहे. सांगणारा मनुष्य मात्र तेव्हांप्रमाणेंच आतांहि लागतो.

(७) संग्राहकांस विनंती

बीड, गेवराई, माजलगांव, अंबाजोगाई या भागांत निजामाचा अंमल व मराठ्यांचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क हीं शेजारीं शेजारीं नांदलीं. त्यामुळें येथील देशमुख, देशपांडे व कुळकर्णी यांच्या रुमालांत फारशी व मोडी असे दोन्ही प्रकारचे कागद एकत्र असण्याचा संभव मोठा आहे. असे कागद हातीं आले म्हणजे आपण प्रथम सनद कोणास दिली व मुलूख किती दिला एवढेंच पाहतों. त्याबरोबर आणखी तीन गोष्टींची नोंद करावी : कागदावर किती हातांचीं अक्षरें आहेत, नियमाप्रमाणें ज्याचें चिन्ह हवें त्याचें आहे कीं नाहीं, आणि एकाच प्रकरणाचे दोन कागद असल्यास मधल्या काळांत कोणता हात नाहींसा झाला. १७६२ ते १७६४ व १७७३ ते १७७५ या वर्षांच्या कागदांची अशी छाननी विशेष फलदायी होईल. नक्कल करतांना कडेचीं चिन्हें 'निरर्थक' म्हणून गाळूं नयेत, आणि कागदाचा शेवटचा भाग फाटला असल्यास तसें स्पष्ट लिहावें. कारण मोर्तब नसणें आणि मोर्तब असलेला भाग नाहींसा होणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत.

लढायांचीं ठिकाणें नकाशावर सांपडतात. नकार दिलेल्या माणसांची आठवण राहण्यास कागदाखेरीज दुसरें साधन नाहीं, आणि पुष्कळदां ती आठवण कागदावरील एका रिकाम्या जागेच्या रूपानेंच उरलेली असते. ती जागा ओळखून वाचकांपुढें ठेवणें हें संशोधकाचें काम होय. असो.